धाराशिवच्या घरांतली न चिकटवलेली जमीन

सिमेंट न कालवता, खालच्या थराला न चिकटवता, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकवत खोलीभर पसरायची टाइल आता निमशहरी बाजारातही मिळू लागली आहे. कोणी तिला इंटरलॉकिंग म्हणतो, कोणी क्लिक-लॉक, कोणी फ्लोटिंग. दुकानदार ती परदेशी नवलाई म्हणून विकतो आणि घरातली वडीलधारी माणसे शंका काढतात, की खाली माल नाही, मग ही जमीन टिकणार कशाच्या जोरावर? विकणारा आणि शंका घेणारा, दोघांच्याही मनात एकच गृहीतक आहे: पायाला घट्ट जखडलेली जमीन हीच घराची खरी जमीन आणि मोकळी पसरलेली जमीन ही कालपरवाची टूम. धाराशिव जिल्ह्यापुरते तरी हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. इथल्या घरांत जमीन पिढ्यान्‌पिढ्या उकलता येणारी, दुरुस्त करता येणारी, घर मोडले तर उचलून नव्या घरात नेता येणारी होती. सिमेंटने कायमची बांधून टाकलेली जमीन हा सर्वसामान्य घरांपुरता दोन-तीन पिढ्यांचाच प्रकार आहे. म्हणून नव्या टाइलची पारख करायची तर ती कंपनीच्या माहितीपत्रकावरून करू नये. जुन्या गवंड्यांनी मोकळ्या जमिनीसाठी पाळलेल्या नियमांवरून करावी, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात मातीपासून केली पाहिजे. जिल्ह्याचा पाया दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा. हा खडक झिजून आधी मुरूम होतो आणि पुढे काळी माती. या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर जे काही ठेवाल ते वर्षातून एकदा वर उचलले जाते आणि एकदा खाली बसते. शेतकऱ्याला ही हालचाल उपकारक असते, कारण भेगांतून वरची माती खाली जाते आणि रान आपोआप उलटले जाते. घराला मात्र ती घातक. गावरचनेत ही गोष्ट पूर्वीच मुरलेली दिसते. शेत काळीत आणि गाव पांढरीत ही विभागणी मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाला लागू पडते. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीने, राखेने, पडक्या भिंतींच्या मातीने तयार झालेली भर. ती काळीसारखी फुगत नाही, चोपली की घट्ट बसते, पाणी सहज मुरू देत नाही. म्हणूनच माळवदावर तीच पसरत, भिंतीला तीच लिंपत आणि घरातल्या जमिनीच्या भरीतही तीच घालत. पांढरी सोडून काळीवर घर बांधण्याची पाळी पूर्वी फार थोड्यांवर येई.

जुन्या घरातली जमीन म्हणजे जोत्याच्या चौकटीत केलेली भर. चारी बाजूंनी दगडाचे जोते बांधायचे, आत मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने ठोकून तो दाबायचा, वर पुन्हा थर, पुन्हा धुम्मस. सगळ्यात वर पांढरी किंवा चाळलेली माती पसरून चोपणीने चोपायची आणि शेणाने सारवायची. या जमिनीला भिंतीशी जोडणारा कुठलाही पक्का सांधा नव्हता. भर खाली बसली की कडेला बोटभर फट दिसे, तिथे मातीचा लगदा दाबला की काम झाले. एखादा भाग पोखरला, उंदराने बीळ केले, पावसात ओल आली, तर तेवढाच हातभर भाग खणून पुन्हा चोपत. बाकीच्या घराला धक्का लागत नसे. खालची जमीन हलणार हे धरूनच ही रचना चालत होती. हलू नये यासाठी ती खालच्या थराशी झुंजत नसे. हलल्यावर सावरून घेणे सोपे ठेवी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सारवलेल्या जमिनीचे कौतुक करणे सोपे, पण ते सारवण करत कोण होते? शेण गोळा करणे, कालवणे, गुडघ्यावर बसून घरभर हात फिरवणे, सणावाराला पुन्हा तेच, हे सगळे बायकांच्या वाट्याला होते आणि त्या कष्टांची मोजदाद कुणीच केली नाही. शिवाय धूळ, पिसवा, ओल, तान्ह्या मुलांचे आजार हे त्या जमिनीबरोबर येत. त्यामुळे जी घरे सारवणातून सुटली ती परत तिकडे जाणार नाहीत आणि जाऊही नयेत. माझा मुद्दा शेणामातीच्या बाजूचा नाही. थोडे बिघडले तर थोडेच दुरुस्त करता यावे, हा त्या जमिनीचा एक गुण होता. तो गुण कष्टांपासून वेगळा काढता येतो का, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर या जिल्ह्याला एकदा मिळाले होते, शहाबादी फरशीच्या रूपाने.

त्याआधी आणखी एक समज दूर केला पाहिजे. कोणी म्हणेल, की जमीन मोकळी ठेवणे ही गरिबीची सक्ती होती. चुना परवडला असता तर लोकांनी ती पक्की केली असती. पण चुन्याचे काम या भागातल्या कारागिरांना उत्तम येत होते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. भरल्या नदीचे पाणी डोक्यावरून कोसळत असताना आतल्या दालनात उभे राहता येते, इतके ते काम पक्के आहे. म्हणजे जिथे पाणी अडवायचे तिथे सगळे सांधे चुन्याने बांधण्याची विद्या इथे होती. तिच्याही आधी, यादवकाळात आणि त्याच्या आगेमागे, दगडात दगड अडकवून, खाचा आणि खुंट्या जुळवून, दर्जांत, म्हणजे सांध्यांत, चुना न घालता देवळे उभी राहिली. भूम तालुक्यातले माणकेश्वरचे शिवमंदिर त्याच परंपरेतले. लोक या पद्धतीला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, पण तशी मंदिरे त्याच्या आधीपासून बांधली जात होती. दगडी देवळाची तुलना हलक्या टाइलशी करता येत नाही हे मान्य. देऊळ स्वतःच्या वजनाने जागेवर बसते, टाइलला वजनच नसते. मुद्दा एवढाच, की कुठे बांधायचे आणि कुठे मोकळे सोडायचे याचा निवाडा इथल्या बांधकामात जाणीवपूर्वक केला जात होता. जमीन मोकळी राहिली ती अज्ञानामुळे राहिली नाही.

आता शहाबाद. भीमेच्या खोऱ्यात गुलबर्ग्याच्या परिसरात चुनखडीचे थर आहेत. हा दगड आडव्या पदरांत बसलेला असतो. पहार आणि पाचर लावली की एक-दीड इंच जाडीची सपाट लादी सुटते. आपल्या काळ्या बेसॉल्टला अशी लादी काढायला छिन्नीचे अतोनात काम पडते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचला. वाटेत शहाबाद लागते. पुढे १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादकडे निजामाची रेल्वे निघाली. खाण रेल्वेच्या कडेला आली आणि दगड दूरवर जाऊ लागला. उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि कारभाराच्या दृष्टीने गुलबर्गा सुभ्यात होता. खाण आणि गिऱ्हाईक एकाच राज्यात, एकाच सुभ्यात. मोठी अडचण होती ती शेवटच्या टप्प्याच्या वाहतुकीची. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि नंतर येडशी, तेर, ढोकी यांच्या वाटेने ती लातूरकडे गेली. पण मोठ्या रुळावरचा माल कुर्डुवाडीला उतरवून छोट्या डब्यात भरावा लागे; लादीसारख्या जड आणि ठिसूळ मालाला ही चढउतार सोसत नाही. दक्षिणेकडच्या नळदुर्ग-उमरगा पट्ट्याला सोलापूर-हैदराबाद रस्ता जवळचा. तिथे आधी बैलगाडीचे आणि पुढे ट्रकचे अंतर हाच हिशेब. फरशी आधी वाड्यांच्या सोप्यात, देवळांच्या सभामंडपात, मारवाड्याच्या दुकानात, सरकारी कचेरीत आणि बऱ्याच काळाने सामान्य घरात आली. तिच्या पसरण्यात ऐपतीची उतरंड स्पष्ट दिसते.

ती बसवण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. भर दाबून झाली की गवंडी खोलीच्या चार कोपऱ्यांवर पातळी बांधून घेतो. पूर्वी त्यासाठी पाणसळ, नंतर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोरी ताणली जाते. मुरमावर वाळू, माती किंवा हलक्या चुन्याचा दोन-तीन बोटे जाडीचा थर पसरून लादी त्यावर अलगद ठेवायची, लाकडी ठोकळ्याने ठोकायची, एक कोपरा वर राहिला तर लादी उचलून खालचा थर खरवडायचा, खाली गेला तर मूठभर माल टाकायचा. लाद्यांमध्ये दर्जा ठेवायच्या आणि शेवटी त्या चुन्याने, पुढच्या काळात सिमेंटने भरायच्या. चुना सिमेंटपेक्षा मऊ आणि कमी पकडीचा. त्यामुळे पंचवीस वर्षांनीसुद्धा दर्ज कोरली आणि पहारीचे टोक खाली घातले की लादी अख्खी सुटते. खाली भर बसली असेल तर ती भरायची आणि तीच लादी पुन्हा ठेवायची. घर पाडले तर लाद्या मोजून बाजूला रचायच्या. जुन्या शहाबादीला आजही गिऱ्हाईक मिळते, कारण पायांनी घासून ती आणखी गुळगुळीत झालेली असते. ही झाली खऱ्या अर्थाने मोकळी जमीन: वजनाने जागेवर बसलेली, शेजारच्या लादीच्या आधाराने स्थिर, पण पायाला न जखडलेली. आणि सारवणाचे कष्ट तिने संपवले होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला आणि उस्मानाबाद द्विभाषिक मुंबई राज्यात. खाण एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात अशी वाटणी झाली, तरी फरशीचे नाव बदलले नाही आणि मागणीही कमी झाली नाही. ज्या शहाबादने लादी दिली त्याच शहाबादच्या चुनखडीपासून सिमेंटही होत होते. तिथला सिमेंट कारखाना स्वातंत्र्याआधीपासूनचा. एकाच दगडाचे हे दोन वापर. लादी म्हणून तो दगड शंभर वर्षे उचलून परत ठेवता येतो. सिमेंट म्हणून तो एकदाच बसतो आणि मग फोडूनच काढावा लागतो. पुढच्या काळात दुसऱ्या वापराने पहिल्याला मागे टाकले.

मुंबईत सिमेंटच्या रंगीत फरशा विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच होऊ लागल्या होत्या. भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ ची. आपल्याकडे मोझॅक टाइल पोचली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, शासकीय निवासस्थाने, बँका, शाळा आणि शहरातली नवी घरे यांतून. त्यामागून कोबा आला, मग स्पार्टेक या ब्रँडच्या नावाने ओळखली जाणारी सिरॅमिक टाइल आणि शेवटी गुजरातच्या मोरबीहून ट्रक भरभरून येणारी व्हिट्रिफाइड. या सगळ्या टाइलांत एक गोष्ट समान: खाली सिमेंटचा माल, वर सिमेंटचा गाळ, आणि टाइल त्याला कायमची चिकटलेली. व्हिट्रिफाइड टाइलची घनता एवढी की तिच्या पाठीत सिमेंटचे पाणी शोषलेच जात नाही, म्हणून खास चिकटद्रव्य वापरावे लागते. ते न वापरता नुसत्या सिमेंटवर बसवली तर काही वर्षांत ती पोकळ वाजू लागते. भिंतीपर्यंत घट्ट ठोकून बसवलेल्या खोलीत खालचा थर आकसतो, वरची टाइल तापून प्रसरण पावते आणि एखाद्या दिवशी मधल्या दोन टाइला मोठा आवाज करून तंबूसारख्या वर उठतात. घरातले लोक भूकंप झाला की काय म्हणून दचकतात. कारण साधे असते: कडेला हलायला जागा ठेवलेली नसते. आणि दुरुस्तीला गवंडी आला की एक टाइल काढताना शेजारच्या दोन फुटतात, तो नमुना बाजारात उरलेला नसतो, म्हणून शेवटी सगळी खोली फोडावी लागते.

तरीही चिकटवलेली जमीन जिंकली, आणि तिच्या विजयात या जिल्ह्यापुरते एक फार मोठे कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त केली. आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर, होळी, राजेगाव ही नावे तेव्हा देशभर पोचली. हजारो माणसे झोपेत गाडली गेली. मृत्यूचे कारण तज्ज्ञांनी लगेच ओळखले. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर दरवर्षी भर घालून वाढवलेल्या माळवदाचे प्रचंड ओझे. हे निदान अचूक होते. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात पूर्ण उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. माणसे वाचवण्यासाठी जे करायला हवे होते ते हेच, यात शंका नाही.

पण लोकांच्या मनात त्या पहाटेचा एक ढोबळ निष्कर्ष उरला, की दगडमातीचे ते सगळे घातक आणि सिमेंटचे ते सगळे सुरक्षित. घातक ठरले होते छत आणि भिंत. जमिनीने कोणाचा जीव घेतला नव्हता. मुरमाच्या भरीवर मोकळी ठेवलेली लादी हादऱ्यात फार तर सरकते. तरी भिंतीबरोबर, माळवदाबरोबर तीही मागासलेपणाच्या खात्यात जमा झाली. पक्के घर म्हणजे खालपासून वरपर्यंत एकसंध घर, ही कल्पना त्या आघातानंतर इतकी घट्ट बसली की जमिनीचा वेगळा विचार करण्याचे कारणच कोणाला दिसेना. दुःखातून निघालेला निष्कर्ष समजून घेतला पाहिजे. म्हणून तो तपासायचाच नाही असे मात्र होऊ नये.

याच काळात दुसरा बदल झाला आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. घरे पांढरीवरून काळीवर उतरली. पुनर्वसनातली नवी गावठाणे संपादित शेतजमिनीवर वसली. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या गावांभोवती जे बिगरशेती प्लॉट पडले, गुंठेवारीच्या वसाहती झाल्या, त्याही बहुतेक शेतांतच. चांगला बांधणारा काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेतो, हे खरे. इथे कोणी विचारील, की पाया मुरमावर गेला तर जमीन हलेल कशी? पाया आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यातच उत्तर आहे. खांब आणि भिंती खोल गेलेल्या असतात, पण खोलीतली भर बऱ्याचदा उकरलेल्याच काळ्या मातीची असते किंवा न काढलेल्या काळीवर टाकलेली असते. मुरमाची ब्रास विकत घ्यावी लागते आणि जागेवरची माती फुकट पडलेली असते. धुम्मसाचे दिवस गेले. भरीवर दोन दिवस पाणी सोडले की दाबली गेली असे मानले जाते. मग भिंत जागेवर राहते, जमीन फुगते किंवा खचते, आणि त्या दोघींना सिमेंटने जखडलेली टाइल मधल्या मध्ये तुटते. पांढरीवरची पूर्वीची जमीन मोकळी असूनही फारशी हलत नव्हती. काळीवरची आजची जमीन हलते, आणि नेमकी तिलाच आपण जखडली आहे.

हा सगळा इतिहास ध्यानात घेतला, की खाचेत अडकणाऱ्या टाइलचे स्थान नीट कळते. तिचा जन्म अर्थातच इथला नाही. लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेट फळ्या स्वीडनमध्ये १९८० च्या सुमारास बाजारात आल्या. त्यांच्या जिभा सरसाने जोडाव्या लागत. १९९६-९७ मध्ये स्वीडनच्या वॅलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी सरस न लागता अडकणारा सांधा आणला आणि मोकळी जमीन जगभर पसरली. नंतर दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांपासून पाण्याने न फुगणारी फळी आली, तीच आज आपल्याकडे जास्त विकली जाते. खोलीत तिची सगळी चादर एका तुकड्यासारखी बनते आणि खालच्या कोब्यावर किंवा जुन्या टाइलवर नुसती टेकून राहते. भिंतीपासून चारी बाजूंनी आठ ते दहा मिलिमीटर जागा सोडायची, ती पट्टीने झाकायची, आणि ती पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला कधीच नाही. पहिली ओळ खोलीच्या लांब भिंतीकडून, मध्ये पाचरी ठेवून. प्रत्येक ओळीचा सांधा आधीच्या ओळीपासून किमान अर्धा हात सरकवून. फळी तिरकी धरून जीभ खाचेत घालायची आणि खाली दाबायची. बारीक आवाज करून ती बसते. बसली नाही तर हातोडी मारण्याआधी खाचेत खडा अडकला आहे का ते पाहायचे, कारण जीभ तुटली की तो सांधा कायमचा उघडा राहतो. पेट्या आधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवायच्या, म्हणजे फळी तिथल्या उष्णतेला सरावते. चाळिसाच्या वर पारा जाणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट टाळून चालत नाही.

या रीतीत आणि शहाबादी बसवण्याच्या रीतीत जे साम्य आहे ते वरवरचे नाही. दोन्हींत यश-अपयश खालच्या थरावर ठरते. दोन्हींत कडेला मोकळीक लागते. दोन्हींत एक तुकडा खराब झाला तर तेवढा काढता येतो, फक्त फळी कडेपासून ओळीओळीने सोडवत आणावी लागते. फरक आहे तो वजनात आणि चुका पोटात घालण्याच्या ताकदीत. लादीखालचा थर दोन-तीन बोटे जाड, त्यात उंचसखलपणा मुरून जाई. चार-सहा मिलिमीटरच्या फळीखाली असा थरच नसतो. कोब्यावर सहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा असेल तर फळी पाऊल पडताच लवते, आणि रोज लवणारी जीभ वर्ष-दोन वर्षांत मोडते. जुन्या गवंड्याला बसवताना दुरुस्ती करता येत होती. आजच्या कारागिराला ती बसवण्याआधीच पुरी करावी लागते. बिघाड बहुतेक इथेच होतो, आणि त्याचा ठपका मात्र फळीवर येतो.

आक्षेप आणखीही आहेत. प्लास्टिकची वस्तू दगडाची बरोबरी करू शकत नाही, हा त्यांतला सर्वांत जड. ज्वारीचे पोते ओढत नेले, लोखंडी कपाट सरकवले तर फळीवर चरा उठतो. शहाबादीवरचा चरा घासून जातो, फळीवरचा जात नाही. शहाबादी शंभर वर्षांनी विकता येते, ही फळी वीस-पंचवीस वर्षांनी कचऱ्यात जाते आणि तो कचरा कुजत नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ही फळी शहाबादीची जागा घेईल असे मी म्हणत नाही. ज्यांना दगड परवडतो, ज्यांच्या जोत्याला त्याची उंची झेपते, त्यांनी दगडच घ्यावा आणि तो सिमेंटमध्ये गाडू नये. दुसरा आक्षेप पाण्याचा. आपल्याकडे फरशी धुतात, बादलीभर पाणी ओतून खराट्याने लोटतात. फळी पाण्याने फुगत नसली तरी सांध्यांतून आणि कडेच्या फटीतून पाणी खाली जाते आणि तिथे कुजते. न्हाणीत, मोरीपाशी, अंगणात ती चालणारच नाही. स्वयंपाकघरात ओटा बांधून झाल्यावर त्याच्या पुढे घालायची, ओट्याखाली नाही, कारण वर जड ओटा बसला की मोकळी जमीन मोकळी राहत नाही. तिसरा आक्षेप असा, की खाली काळी फुगत असेल तर फळी तरी काय करणार? खचलेली भर ती सुधारू शकत नाही, हे उघड आहे. पण कोब्याला बारीक भेग गेली म्हणून ती फुटत नाही, आणि भर दुरुस्त करायची झाली तर ती काढून, भिंतीशी रचून, काम झाल्यावर पुन्हा घालता येते. सिमेंटमधल्या टाइलला ही सोय नाही.

ही सोय ज्यांना सर्वांत जास्त लागते ते लोक नेमके कमी पैशांत घर बांधणारे आहेत. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. अनुदानाचे हप्ते पाया, भिंती, छत असे वर चढत जातात आणि जमीन सगळ्यांत शेवटी येते, जेव्हा हातातले पैसे संपलेले असतात. म्हणून कितीतरी घरांत लोक नुसत्या कोब्यावर राहायला जातात आणि पुढे जमेल तशी एकेक खोली करतात. असे टप्प्याटप्प्याने वाढणारे घर ही इथली जुनी रीत आहे. खण वाढवत, सोपा जोडत माळवदाचे घरही असेच पिढ्यांमधून वाढत गेले. चिकटवलेली जमीन या रीतीला साथ देत नाही, कारण नवी भिंत घालायची किंवा दार हलवायचे तर ती फोडावी लागते. मोकळी जमीन साथ देते, मग ती दगडाची असो, विटांची असो, की फळीची.

तेव्हा घर बांधणाऱ्याला सांगणे इतकेच. वर काय घालायचे हे ठरवण्याआधी खाली काय भरले जाते ते उभे राहून पाहा. काळी माती भरीत घालू देऊ नका, मुरमाचा प्रत्येक थर वीतभरापेक्षा जाड होऊ देऊ नका आणि तो नुसत्या पाण्यावर न सोडता ठोकून घ्या. कोबा झाला की सहा फुटी सरळ पट्टी घेऊन ती खोलीत आडवी, उभी, तिरकी ठेवून बघा, आणि जिथे पट्टीखालून एकावर एक ठेवलेली दहा जाडसर पोस्टकार्डे सरकतील तिथे आधी भरून घ्या. फळी घातली तर कडेची फट सोडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पट्टी ठोकू देऊ नका. आणि जुने घर पाडत असाल तर त्यातली शहाबादी मलब्यात टाकू नका. ती उचलून ठेवा, तिला अजून एका घराचे आयुष्य आहे.